वचन न देणारं जाळं

कोट्यवधी लोक रोज ज्याच्या भरवशावर बँकेचे व्यवहार करतात, रेल्वेची तिकिटं काढतात, परदेशातल्या मुलाबाळांशी बोलतात, त्या इंटरनेटच्या मुळाशी असलेला प्रोटोकॉल कशाचीही हमी देत नाही. आयपी, म्हणजे इंटरनेट प्रोटोकॉल, याचं आजही पायाभूत मानलं जाणारं विवरण सप्टेंबर १९८१ मध्ये जॉन पोस्टेल यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झालं. माहिती पोहोचेलच, क्रमाने पोहोचेल, न बिघडता पोहोचेल, यांपैकी एकही जबाबदारी हा प्रोटोकॉल घेत नाही आणि त्या विवरणात हे उघडपणे सांगितलेलं आहे. पुष्कळांना ही सुरुवातीच्या काळातली उणीव वाटते. पुढच्या इंजिनिअरांनी ठिगळं लावून ती झाकली, असा समज असतो. मला ही उणीव वाटत नाही. मधल्या यंत्रणेने कमीत कमी वचन दिलं, कमीत कमी जाणून घेतलं आणि खात्री करून घेण्याचं काम दोन टोकांच्या यंत्रांवर सोडलं, म्हणूनच इंटरनेट उभं राहिलं आणि वाढत गेलं. या निवडीची किंमतही मोजावी लागते, काही ठिकाणी ती फार जड आहे. तिचाही हिशेब या प्रकरणात मांडला पाहिजे.

प्रोटोकॉल म्हणजे दोन यंत्रांनी आपसांत पाळायचा शिरस्ता: आधी कोणी बोलायचं, संदेशात कोणत्या जागी काय लिहायचं, उत्तर आलं नाही तर काय करायचं. आयपीचा शिरस्ता समजून घ्यायचा तर एक पॅकेट उघडून पाहावं. तुम्ही पाठवलेला तीन मेगाबाइटचा फोटो वाटेत एकसंध राहत नाही. बहुतेक वाटांवर एका पॅकेटची कमाल मर्यादा १५०० बाइटच्या आसपास असते, म्हणजे त्या फोटोचे दोन हजारांहून अधिक तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याच्या माथ्यावर किमान २० बाइटची नोंद असते. त्यात चार बाइट पाठवणाऱ्याच्या पत्त्याचे, चार बाइट घेणाऱ्याच्या पत्त्याचे. एका बाइटमध्ये आयुर्मर्यादेचा आकडा असतो. प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो आणि शून्य झालं की पॅकेट टाकून देतो, म्हणजे वाट चुकलेली पॅकेटं जाळ्यात अनंतकाळ फिरत बसत नाहीत. आणखी एका बाइटमध्ये आत कोणाचा माल आहे ते लिहिलेलं असतं: ६ म्हणजे टीसीपी, १७ म्हणजे यूडीपी. शिवाय एक पडताळणीची बेरीज असते आणि ती फक्त या माथ्यापुरती असते. आतल्या मजकुराची पडताळणी आयपी करतच नाही. राउटर पत्ता वाचतो, आपल्या तक्त्यात पुढचा टप्पा पाहतो, पॅकेट तिकडे ढकलतो आणि विसरून जातो. आधीचं पॅकेट कुठे गेलं, पुढचं येणार आहे का, याची नोंद त्याच्याकडे नसते. रांग भरली तर तो आलेलं पॅकेट फेकून देतो आणि बहुतेक वेळा कोणाला कळवतही नाही.

हे विसरणं ठरवून केलेलं आहे. पॅकेटं एकमेकांपासून स्वतंत्र ठेवून पाठवायची आणि ती नीट पोहोचली की नाही हे टोकाच्या यंत्रांनी पाहायचं, ही कल्पना फ्रान्समध्ये लुई पुझँ यांनी सिक्लाद या जाळ्यात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला राबवली. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी मे १९७४ मधल्या निबंधात वेगवेगळ्या जातीची जाळी जोडण्याचा आराखडा मांडला. त्यात सगळं एकाच प्रोटोकॉलमध्ये होतं. पण आवाज पाठवण्याचे प्रयोग सुरू झाले तेव्हा एक अडचण समोर आली. बोलण्यातला अर्ध्या क्षणापूर्वीचा हरवलेला तुकडा पुन्हा मागवण्यात अर्थ नसतो. तो येईपर्यंत संभाषण पुढे गेलेलं असतं. अचूकतेची हमी सगळ्यांवर लादली तर ज्यांना ती नको त्यांना उगाच खोळंबावं लागतं. म्हणून १९७८ मध्ये त्या प्रोटोकॉलचे दोन भाग केले गेले. पत्ता पाहून पॅकेट पुढे ढकलणारा आयपी खाली राहिला आणि हमी देणारा टीसीपी त्याच्यावर, फक्त टोकांना, बसवला गेला. ज्यांना हमी नको त्यांच्यासाठी १९८० मध्ये यूडीपी आला. त्याचं विवरण जेमतेम तीन पानांचं आहे आणि त्याचा माथा ८ बाइटचा. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतलं अर्पानेट या नव्या जोडीवर गेलं. या रचनेमागचा प्राधान्यक्रम डेव्हिड क्लार्क यांनी १९८८ मध्ये लिहून ठेवला आहे. त्यात सर्वांत वर आहे ते मधली जाळी आणि राउटर बंद पडले तरी संभाषण चालू राहणं. कोणी किती वापर केला याचा हिशेब ठेवणं सर्वांत शेवटी आहे. पहिली गोष्ट साधायची तर संभाषणाची आठवण मधल्या यंत्रांकडे असून चालत नाही, कारण ती यंत्रं पडली की आठवणही जाते.

मग हमी येते कुठून? टीसीपी पाठवायच्या प्रत्येक बाइटला अनुक्रमांक देतो. सुरुवातीला दोन्ही टोकं तीन संदेशांत आपापले आरंभीचे आकडे एकमेकांना कळवतात आणि मान्य करतात. त्यानंतर घेणारं टोक ‘अमुक आकड्यापर्यंतचं मिळालं’ अशी पोच देत राहतं. ठरावीक वेळात पोच आली नाही, तर पाठवणारा तेच पुन्हा पाठवतो. उलटसुलट आलेले तुकडे घेणारा क्रमाने लावतो, दोनदा आलेले टाकून देतो. तुमचा दोन हजार तुकड्यांचा फोटो पलीकडे अखंड दिसतो तो याच हिशेबामुळे, आणि हा हिशेब तुमच्या मोबाइलमध्ये आणि पलीकडच्या सर्व्हरमध्ये चालतो. समुद्राखालच्या केबलीला आणि वाटेतल्या वीस राउटरना त्यातलं काही ठाऊक नसतं.

यावर टेलिफोनच्या जगातल्या इंजिनिअरांचा आक्षेप होता आणि तो हलका नव्हता. त्यांचं म्हणणं असं की विश्वासार्हता जाळ्यातच असायला हवी. प्रत्येक टप्प्यावर तपासणी करा, चूक तिथल्या तिथे दुरुस्त करा, मग टोकांना चिंता उरणार नाही. १९७६ चं एक्स.२५ हे मानक याच विचाराचं. याचं उत्तर साल्टझर, रीड आणि क्लार्क या तिघांनी एका निबंधात दिलं, आणि त्यातला एमआयटीचा दाखला कोणत्याही तत्त्वापेक्षा बोलका आहे. तिथे अनेक स्थानिक जाळी गेटवे यंत्रांनी जोडलेली होती. प्रत्येक टप्प्यावर तपासणी होत असल्यामुळे माहिती सुरक्षित आहे, असं प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी गृहीत धरलं. पण एका गेटवेमध्ये दोष निर्माण झाला. एका बफरमधून दुसऱ्यात माहिती उतरवताना दर दहा लाख बाइटमागे साधारण एकदा तो दोन शेजारच्या बाइटची अदलाबदल करू लागला. तारेवरची तपासणी अचूक चालली होती. बिघाड तारेवर नव्हता, यंत्राच्या पोटात होता. दोन तपासण्यांच्या मधल्या जागेत काय घडतं ते कोणीच पाहत नव्हतं. एका ऑपरेटिंग सिस्टिमच्या मूळ फायली त्या गेटवेतून पुन्हा पुन्हा गेल्या आणि काही खराब झाल्या. शेवटी फायलींच्या मालकांना जुने छापील कागद काढून, डोळ्यांनी ओळ न् ओळ ताडून त्या दुरुस्त कराव्या लागल्या. मधल्या टप्प्यांनी कितीही काळजी घेतली तरी अखेरची तपासणी टोकालाच करावी लागते. आणि ती करायचीच असेल, तर मधल्यांची काळजी वेग वाढवण्यापुरती उपयोगी, खात्रीसाठी नव्हे. आयपी मजकुराची पडताळणी का करत नाही, याचं उत्तर इथे मिळतं.

दुसरा आक्षेप अधिक कठीण होता, कारण तो प्रत्यक्षात उतरला. मधल्या यंत्रणेला काही ठाऊक नसेल आणि टोकांना मोकळीक असेल, तर गर्दी झाल्यावर आवरणार कोण? ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामधला वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. अंतर होतं सुमारे ४०० यार्डांचं, म्हणजे पायी पाचेक मिनिटांचं. सेकंदाला ४० बिट म्हणजे पाच इंग्रजी अक्षरं. कारण टीसीपीच्या हमीतच दडलेलं होतं. रांगा लांबल्या की पोच उशिरा यायची. पोच न आल्याने पाठवणारी यंत्रं तेच पॅकेट पुन्हा पाठवायची, त्यामुळे रांगा आणखी लांबायच्या. जाळं अखंड राबत होतं, पण बहुतेक काळ एकाच पॅकेटच्या प्रती वाहण्यात. मधल्या राउटरना अधिकार द्या, वाटप त्यांनी करावं, असं म्हणायला याहून योग्य वेळ नव्हती. व्हॅन जेकबसन यांनी माइक करेल्स यांच्यासोबत शोधलेला उपाय मात्र पुन्हा टोकांनाच शहाणं करणारा निघाला. सुरुवात अगदी थोड्या पॅकेटांनी करायची. पोच येत जाईल तसं वाढवायचं. पॅकेट हरवलं तर वाटेत गर्दी आहे असं समजून एकदम मागे सरायचं आणि मग हळूहळू पुढे यायचं. राउटरने काही बोलायची गरज उरली नाही. त्याने पॅकेट फेकलं, हाच निरोप झाला. १९८८ मधला त्यांचा निबंध आणि बर्कली युनिक्समधून पसरलेली ही दुरुस्ती यांनी इंटरनेट तगवलं, आणि राउटर बदलावे लागले नाहीत म्हणूनच ती इतक्या झपाट्याने पसरली. एक गोष्ट मात्र इथे मान्य केली पाहिजे. ही व्यवस्था टोकांच्या संयमावर चालते. हे नियम न पाळणारा प्रोग्राम शेजाऱ्यांच्या वाट्याचा वेग खाऊ शकतो आणि आयपीकडे त्याला शिक्षा नाही.

कमी वचन देणाऱ्या रचनेपुढे नीटस, सर्वसमावेशक पर्याय नव्हता असंही नाही. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचा सात थरांचा ओएसआय आराखडा १९८४ मध्ये मंजूर झाला आणि १९९० पासून अमेरिकन सरकारने आपल्या खरेदीत तो सक्तीचा केला. भारतातही दोन्ही वाटा शेजारी शेजारी चालल्या. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट या शैक्षणिक जाळ्यात मुंबईची एनसीएसटी आणि आयआयटी मुंबई या संस्था आरंभापासून होत्या. त्याच्या मुख्य वाहिन्यांवर टीसीपी-आयपी आणि ओएसआय हे दोन्ही संच काही काळ एकत्र धावत होते. १९९५ पासून जवळपास सगळी वाहतूक टीसीपी-आयपीवर गेली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तीही अर्थातच याच संचावर. ओएसआयच्या समित्यांनी प्रत्येक गरजेची आधीच तरतूद करून ठेवायचा प्रयत्न केला. टीसीपी-आयपीने फार थोडं ठरवलं आणि बाकी वरच्यांवर सोडलं. टिम बर्नर्स-ली यांना सर्नमध्ये वर्ल्ड वाइड वेब उभारताना एचटीटीपी हा नवा प्रोटोकॉल आणावा लागला, पण त्यासाठी कोणत्याही दूरसंचार कंपनीची परवानगी घ्यावी लागली नाही की एकाही राउटरमध्ये बदल करावा लागला नाही.

आता जड किमतीकडे येऊ. आकडी पत्ते माणसांच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून नावाचा पत्ता शोधून देणारी व्यवस्था लागते. सुरुवातीला एका संस्थेत ठेवलेली एकच यादी सगळे उतरवून घेत. ती वाढत्या जाळ्याला पुरेना, तेव्हा पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डीएनएस रचलं. तुम्ही शेवटी ‘.इन’ असलेलं एखादं नाव टाइप केलं की तुमच्या वतीने एक सर्व्हर आधी मूळ सर्व्हरना विचारतो, ते ‘.इन’ सांभाळणाऱ्यांकडे बोट दाखवतात, ते त्या नावाच्या मालकाकडे, आणि पत्ता हाती येतो. प्रश्न आणि उत्तर बहुधा एकेका यूडीपी पॅकेटचं. मूळ आराखड्यात ते उत्तर खऱ्या माणसाचं आहे याचा पुरावा जवळजवळ नव्हता. जुळवायचा क्रमांक १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ शक्यतांपैकी एक. खोटं उत्तर घुसवणं किती सोपं आहे हे डॅन कॅमिन्स्की यांनी २००८ मध्ये दाखवलं, तेव्हा जगभरच्या डीएनएस सॉफ्टवेअरची एकाच वेळी दुरुस्ती करावी लागली. ईमेलच्या एसएमटीपीचीही तीच कथा. १९८२ चा तो प्रोटोकॉल पाठवणाऱ्याने सांगितलेलं नाव खरं मानून चालतो.

सर्वांत जास्त विश्वास ठेवतो तो बीजीपी. १९८९ मध्ये पहिल्यांदा लिहिला गेलेला हा प्रोटोकॉल मोठ्या जाळ्यांना एकमेकांना सांगू देतो की अमुक पत्त्यांकडे जायची वाट माझ्याकडून आहे. शेजारी ते ऐकतात आणि पुढे सांगतात. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ दोन समुद्री केबली तुटल्या. भारतातलं इंटरनेट रखडलं, पण बंद पडलं नाही, कारण पश्चिमेची वाट गेल्याची बातमी बीजीपीने पसरवली आणि वाहतूक पूर्वेकडे, पॅसिफिकमार्गे वळू लागली. महिनाही उलटला नव्हता. २४ फेब्रुवारीला याच भोळेपणाची दुसरी बाजू दिसली. पाकिस्तान सरकारने यूट्यूब बंद करायचा आदेश दिला. तिथल्या दूरसंचार कंपनीने देशातली वाहतूक अडवण्यासाठी यूट्यूबचे २५६ पत्ते आपल्याकडे असल्याची घोषणा केली, आणि ती हाँगकाँगच्या कंपनीमार्गे बाहेर जगभर पसरली. यूट्यूब स्वतः १,०२४ पत्त्यांचा मोठा गट जाहीर करत होतं. राउटरांचा नियम असा की अधिक नेमकी, म्हणजे लहान गटाची घोषणा जिंकते. काही मिनिटांत यूट्यूबकडे जाणारी जगातली वाहतूक मोठ्या प्रमाणावर पाकिस्तानकडे वळली. यूट्यूबने तेच २५६ पत्ते जाहीर केले, मग त्याचेही १२८-१२८ चे दोन भाग करून आणखी नेमकी घोषणा केली. हाँगकाँगच्या कंपनीने खोटी वाट मागे घेईपर्यंत दोन तासांहून अधिक वेळ गेला. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकच्या स्वतःच्या देखभालीतल्या एका आज्ञेने त्यांचं अंतर्गत जाळं तुटलं. त्यांच्या डीएनएस सर्व्हरनी आपल्याकडे यायच्या वाटांची घोषणा मागे घेतली आणि भारतात रात्री नऊच्या सुमारास व्हॉट्सअॅप जे थांबलं ते जवळपास सहा तास.

इथे विरोधकांचं म्हणणं बरंचसं खरं आहे, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. वाटा सांगणारी यंत्रणा ही टोकाची बाब नाही, ती जाळ्याच्या मध्यातलीच आहे आणि तिथे कोणी काय म्हणावं याला पुरावा लागतोच. कोणते पत्ते कोणाचे हे डिजिटल सहीने सिद्ध करणारी आरपीकेआय ही व्यवस्था आता अनेक मोठ्या कंपन्या वापरतात. जिथे खोट्या घोषणा फेकल्या जातात तिथे २००८ सारखी घटना बरीच आवरते. पण ती व्यवस्था संपूर्ण वाटेची शहानिशा करत नाही, फक्त घोषणेच्या मूळ मालकाची करते. त्यामुळे अखेरचा बंदोबस्त पुन्हा टोकांनाच करावा लागला. साधं एचटीटीपी म्हणजे उघडं पोस्टकार्ड. वाटेतला कोणीही वाचू शकतो, बदलू शकतो. नेटस्केपने १९९० च्या दशकाच्या मध्यात आणलेल्या एसएसएलमधून पुढे टीएलएस तयार झालं आणि त्याची २०१८ ची आवृत्ती आज सर्वत्र आहे. एचटीटीपीएस म्हणजे टीएलएसच्या आवरणातलं एचटीटीपी. यात सर्व्हर आपलं प्रमाणपत्र दाखवतो, ब्राउझर त्यावरची सही तपासतो, दोघं मिळून एक गुप्त किल्ली ठरवतात आणि पुढचं सगळं त्या किल्लीने बंद होतं. मधल्याने बाइट बदलला तर तो पकडला जातो. डीएनएसने खोटा पत्ता दिला, बीजीपीने भलत्या देशात नेलं, तरी तिथल्या तोतयाला बँकेच्या नावाचं वैध प्रमाणपत्र सहजासहजी दाखवता येत नाही. व्यवहार अडेल, लुटला जाणं मात्र फार कठीण.

राहिला आजचा आक्षेप: मधलं जाळं आता अजाण राहिलेलंच नाही. हेही खरं आहे. ३२ बिटांचे पत्ते सुमारे ४२९ कोटी, आणि त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. म्हणून घरचा राउटर डीएचसीपीने घरातल्या यंत्रांना खाजगी पत्ते वाटतो आणि बाहेर सगळ्यांना एकाच पत्त्यामागे लपवतो. त्यासाठी त्याला प्रत्येक संभाषण लक्षात ठेवावं लागतं. फायरवॉल तर पॅकेटच्या आत डोकावतात. परिणाम काय झाला ते पाहा. एससीटीपी हा चांगला वाहतूक प्रोटोकॉल २००० मध्ये तयार झाला, पण घरोघरच्या आणि कार्यालयांतल्या या जाणकार यंत्रांना फक्त टीसीपी आणि यूडीपी ओळखता येत असल्यामुळे सामान्य इंटरनेटवर त्याला वाटच मिळाली नाही. मधल्यांनी जितकं शिकून घेतलं, तितकं नव्याचं दार बंद झालं. क्विक हा गूगलमध्ये जन्मलेला आणि मे २०२१ मध्ये मानक झालेला प्रोटोकॉल हे ओळखूनच रचला आहे. तो तीन पानांच्या जुन्या यूडीपीत बसून जातो, अनुक्रमांक आणि पोच यांचा टीसीपीचा सगळा हिशेब स्वतः ठेवतो आणि तो हिशेबसुद्धा कुलूपबंद करतो, म्हणजे वाटेतल्या कोणाला तो वाचून त्यावर आपले नियम बसवता येऊ नयेत. एचटीटीपीची तिसरी आवृत्ती यावरच चालते. पत्त्यांच्या टंचाईवर १२८ बिटांचा आयपीव्ही६ हा उपाय आहे, आणि जिओच्या २०१६ मधल्या आगमनानंतर तो वापरण्यात भारत जगातल्या आघाडीच्या देशांत आला.

या सगळ्यातून वाचकाच्या वाट्याला एक काम येतं. रेल्वे स्थानकावर, हॉटेलात किंवा विमानतळावर फुकटच्या वायफायवर असताना बँकेची साइट उघडली आणि ब्राउझरने प्रमाणपत्र जुळत नाही असं बजावलं, तर ‘तरीही पुढे जा’ या पर्यायावर बोट ठेवू नका. मधल्या राउटरने, वायफायने, डीएनएसने, बीजीपीने यातलं काहीही तपासलेलं नसतं. तुमच्या हातातल्या यंत्राने तपासून नकार दिलेला असतो. तिथेच थांबा आणि मोबाइल डेटावरून किंवा घरी जाऊन व्यवहार करा.